फुंकू नका, हे लिहायचं राहिलं

दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहायचे तर माणूस निवृत्त असावा, केस पांढरे असावेत आणि लेखाच्या डोक्यावर शाल पांघरलेला फोटो असावा, असा एक अलिखित नियम दिसतो. मी एकोणतीस वर्षांची आहे. शाल नाही. वसईतल्या एका दातांच्या दवाखान्यात सहा वर्षं मदतनीस म्हणून काम केलं आणि सोडलं, एवढंच भांडवल. संपादकांना मी तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "लिहा, पण भाषण नको." म्हणजे मला जे येतं नेमकं तेच नको.

कारण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आम्ही एव्हरशाईन सिटी या वसईतल्या नव्या वसाहतीत राहायला आलो तेव्हा घरात नळ होते, पाणी नव्हतं. पाणी नाही म्हणून टँकर, टँकर वेळेवर नाही म्हणून मोर्चा, आणि मोर्च्याला माणसं येत नाहीत म्हणून पत्रक. बारावीच्या वर्षी मी वह्या कमी आणि पत्रकं जास्त लिहिली. पहिल्या ओळीत हाक, दुसऱ्या ओळीत संताप, तिसऱ्या ओळीत काय करायचं ते, आणि उद्गारचिन्हं घरचीच. माझी पक्की समजूत होती की लोक चुकतात ते त्यांना कुणी नीट लिहून देत नाही म्हणून. ही समजूत दवाखान्यात कशी सुटत गेली, त्याचीच ही हकिगत. सुटली म्हणते, पण मुळासकट नाही.

त्या दवाखान्यात मी पत्रक द्यायला गेले आणि नोकरी घेऊन आले. डॉक्टर सोलापूरकडचे, पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. पत्रक शेवटपर्यंत वाचून ते म्हणाले, "मजकूर ठणठणीत आहे. तुम्ही लोकांना दम देऊ शकता. मला असं माणूस हवंय." मला वाटलं चेष्टा करताहेत. करतच होते, पण नोकरी खरी होती. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'पुढारी' म्हणायला सुरुवात केली. शेवटच्या दिवसापर्यंत माझं नाव त्यांना आठवत होतं की नाही, देव जाणे.

काम असं होतं. दाढ काढायची डॉक्टरांनी, आणि दाढ काढल्यानंतरचा माणूस सांभाळायचा मी. बाहेरच्यांना वाटतं, दाढ निघाली की काम संपलं. खरं काम तिथून सुरू होतं, विशेषतः अक्कलदाढेचं. ती जबड्याच्या पार कोपऱ्यात असते, बरेचदा आडवी झोपलेली असते आणि निघताना हाडात खड्डा ठेवून जाते. त्या खड्ड्यात रक्त साकळतं आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे जखमेचं झाकण. झाकण जागेवर राहिलं तर आतलं मांस गुपचूप भरून येतं. झाकण निसटलं तर खालचं हाड उघडं पडतं, आणि मग जी कळ कानापर्यंत जाते तिच्यापुढे मूळची दाढदुखी म्हणजे गुदगुल्या. म्हणून सगळा खटाटोप ती गुठळी राखण्याचा. अर्धा तास कापूस दाबून धरा, दिवसभर चूळ भरू नका, जोराने थुंकू नका, नळीने काही ओढून पिऊ नका. दुसऱ्या दिवसापासून मिठाचं कोमट पाणी तोंडात घ्या, खळखळ न करता तसंच सोडून द्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, मग उतरते. आठवड्याने टाके काढायचे. बस, एवढंच. सांगायला दोन मिनिटं.

पण ज्याला सांगायचं त्याचा अर्धा चेहरा बधिर असतो, तोंडात कापूस असतो आणि डोक्यात एकच गोष्ट असते: 'अक्कलदाढ काढली म्हणजे माझी अक्कल गेली' हा विनोद घरी जाऊन कुणाला आधी सांगायचा. हा विनोद जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला, असं प्रत्येक पेशंटला वाटतं. सहा वर्षं मी तो ऐकला. कापसातून ऐकला.

तेव्हा मी पत्रक काढलं. पिवळ्या कागदावर, ठळक अक्षरांत: 'दाढ काढलेल्या बंधुभगिनींनो! तुमची गुठळी धोक्यात आहे!' खाली कलमं. डॉक्टरांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "पुढारी, यात दाढ काढायची आहे की सरकार पाडायचंय?" मी म्हटलं, "लोक असंच वाचतात." ते म्हणाले, "वाचतात हो. पण काय वाचतात?"

त्या प्रश्नाचं उत्तर दोन आठवड्यांत मिळालं. आमच्याच सिटीतली एक सून दाढ काढून गेली होती. तिसऱ्या दिवशी तिची सासू तिला पुढे घालून दवाखान्यात आली. साताऱ्याकडच्या बाई, हातात माझं पत्रक, भाला धरावा तसं.

"कोणी लिहिलंय हे?"

"मी लिहिलंय."

"तुम्ही लिहिलंय, पहिले दोन दिवस थंड खा. घातलं मी थंड. तरी पोरीचं रक्त थांबत नाही ते?"

"काय खायला घातलंत?"

"मुगाचं कढण. उकळतं. वर तुपाची धार."

"उकळतं? अहो आजी, थंड लिहिलंय!"

"मग मूग थंडच असतात! मला शिकवता होय तुम्ही?"

"आइस्क्रीम द्यायचं होतं. गार दूध द्यायचं होतं."

आजींनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला आजही आठवतं. "आइस्क्रीम? बर्फ गरम असतो, बाई. तोंड आलं असतं पोरीचं."

सून कापूस चावत माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून समजलं की दोन दिवस ती फ्रीजपुढे उभी राहून भांडली असावी, आणि हरली असावी. डॉक्टरांनी रक्त थांबवलं, आजींना खुर्ची दिली आणि म्हणाले, "आजी, तुमचं बरोबर आहे. आमच्या कागदाचं मराठी चुकलं." मी संतापले. सगळ्यांसमोर! आजी गेल्यावर म्हटलं, "अंधश्रद्धेला मान डोलावता तुम्ही?" ते म्हणाले, "थंड म्हणजे गुणाने थंड की बोटाला थंड, ते तुम्ही कुठे लिहिलंय? 'गार' लिहा. गार मूग नसतात."

दुसऱ्या आवृत्तीत मी 'गार' लिहिलं. एका शब्दाने निम्मी भांडणं मिटली. हे मोर्च्यात कधी झालं नव्हतं.

मग कोळीवाड्यातली एक मावशी आली. हात बांगड्यांनी भरलेले, आवाज असा की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून पाहायचं. दाढ काढून चौथ्या दिवशी आली तर जखम काळपट, हिरडी लाल.

"मावशी, तंबाखू खाल्लात?"

"नाय गो बाय! तुज्या कागदात लिवलंय ना, नातवाकडून वाचून घेतलं. तंबाखू खाऊ नका. मी शिवली पन नाय."

"मग हे काळं काय आहे?"

"ती मशेरी."

"मशेरी म्हणजे तंबाखूच की!"

"म्हंजे काय? तंबाखू खातात. मशेरी लावतात. तू खाऊ नको म्हनलीस, लावू नको कुटं म्हनलीस?" आणि डॉक्टरांकडे वळून, "पोरगी शिकल्याली हाय, पन पानी कुटं मुरतंय ते समजत नाय तिला."

डॉक्टर त्या दिवशी आतल्या खोलीत जाऊन हसले. मी ऐकलं.

तिसरी आवृत्ती मी चिडून लिहिली. तंबाखू, मशेरी, विडी, गुटखा: खाऊ नका, लावू नका, ओढू नका, चघळू नका, गालात ठेवू नका. पाणी: खळखळवू नका, पिचकारी मारू नका. शहाळं नळीने पिऊ नका, पेल्यात ओतून प्या. खड्ड्यात जीभ घालू नका, बोट घालू नका, काडी घालू नका. लवंग ठेवू नका. शेजाऱ्याला दाखवू नका. हे शेवटचं कलम डॉक्टरांनी खोडलं, मी पुन्हा घातलं. मराठीतली सगळी क्रियापदं आता संपली, कुणाला पळायला फट राहिली नाही, अशी माझी खात्री झाली. तो कागद मी पेशंटच्या हातात देताना छाती काढून देत असे.

अशात इनासकाका आले.

इनासकाका वसईजवळच्या वटारचे, चर्चला 'देऊळ' म्हणणाऱ्या ख्रिस्ती घरातले. साठीच्या आतबाहेरचे, उंच, सावळे, केळीची आणि विड्याच्या पानांची वाडी असलेले. त्यांच्या घरी त्यांची जुनी बोली चालायची, तिच्यातलं मला चारातलं एक वाक्य कळायचं. आमच्याशी मात्र ते शाळेतलं मराठी बोलत, पायरी पाहून उतरावं तसं जपून. खालची अक्कलदाढ आडवी, भोवती पू झालेला, तोंड दोन बोटंही उघडेना. डॉक्टरांनी औषधं देऊन आधी पू आटवला आणि बुधवारी दाढ काढायचं ठरवलं.

"डॉक्टर, पुढच्या रविवारी पोरीचं लग्न आहे. सेलिनचं," काका म्हणाले. "सूज राहणार नाय ना? फोटो आहेत."

"बुधवारपासून अकरा दिवस आहेत. सूज पाचव्या दिवशी उतरेल."

फॉर्म मी भरला. नाव, वय, गोळ्यांची ॲलर्जी, व्यवसाय. व्यवसायापुढे काकांनी सांगितलं, "बागाईत." मी लिहिलं, बागाईत. कुणी खोटं बोललं नाही, कुणी काही लपवलं नाही. दाढ निघाली. तुकडे करून काढावी लागली, पाऊण तास गेला, काकांनी हूं केलं नाही. मी पत्रक दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, घडी केली आणि खिशातल्या छोट्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. पत्रकाला एवढा मान माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता. मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हात धूत होते.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायला गेले तर काका जिन्यात बसलेले. शेजारी त्यांची बायको, रोजामावशी. काकांच्या गालाची सूज उतरली होती पण चेहरा राखेसारखा. जवळ गेल्यावर तोंडाचा वास आला. हा वास या धंद्यात एकदा ओळखला की चुकत नाही. गुठळी गेली होती.

"कधीपासून दुखतंय?"

"शनिवारी सकाळपासून. कानात सळई घातल्यासारखं."

"मग शनिवारी का नाही आलात?"

काकांनी प्रार्थनेचं पुस्तक काढलं, त्यातून पिवळा कागद काढला आणि बोट ठेवलं. 'तीन-चार दिवस दुखेल. घाबरून धावत येऊ नका!' उद्गारचिन्ह माझंच.

आत खुर्चीवर बसल्यावर त्यांनी तो कागद मांडीवर पसरला आणि एकेका कलमावर बोट ठेवून हिशोब द्यायला लागले. पाद्रींपुढे कबुली देतात तसा. "थुंकलो नाय. चूळ नाय भरली. विडी मी ओढतच नाय. शहाळं पेल्यात ओतून. हिने पेज पंख्याखाली ठेवून गार केली."

"बोटाला लावून बघितली," रोजामावशी म्हणाल्या.

"जीभ नाय घातली. बोट नाय. काडी नाय. शेजारी आला होता बघायला, त्याला पण नाय दाखवलं."

"मग काय केलंत?" मी जवळजवळ ओरडलेच. "गुठळी अशी उगीच जात नाही! काहीतरी केलं असणार!"

"काय नाय केलं. शुक्रवारी संध्याकाळी तालीम केली. तेवढीच."

"कसली तालीम?"

"बँडची."

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. "इनासकाका, तुम्ही काय वाजवता?"

"ट्रम्पेट," रोजामावशींनी उत्तर दिलं. त्या वैतागल्या होत्या, पण आवाजात जरा ऐटही होती. "चौतीस वर्षं. गावातल्या सगळ्या पोरी यांच्या ट्रम्पेटवर देवळात गेल्या. मी पण."

"अहो, मग व्यवसाय विचारला तेव्हा सांगायचं ना!"

काकांना माझा प्रश्नच समजला नाही. "वाजवणं हा काय व्यवसाय आहे, बाय? व्यवसाय वाडी."

काका पुन्हा कागदावर वाकले. वरून खाली, खालून वर. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी विद्यार्थ्यासारखं. "फुंकू नका, असं यात कुठं आहे? मी दोनदा वाचला. माझंच चुकलं का बघायला."

ट्रम्पेट फुंकताना तोंडात किती दाब येतो, ते मला तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. गाल फुगतात, ओठ आवळतात, सगळी हवा मागे कोंडते. दोन दिवसांच्या नाजूक झाकणाचं काय होणार? मी जगातल्या सगळ्या सवयींवर बंदी घातली होती आणि समोर बसलेला माणूस सवयीचा नव्हताच मुळी. तो नियमाचा माणूस होता. मी लिहिलेलं अक्षर न् अक्षर पाळणारा सहा वर्षांतला हा एकटा पेशंट, आणि त्यालाच मी बुडवलं होतं. संपादकांनी भाषण नको म्हटलंय, म्हणून इथे एवढंच लिहिते: त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

डॉक्टरांनी खड्डा धुतला आणि लवंगतेलात भिजवलेली पट्टी आत बसवली. पाच मिनिटांत काकांचे खांदे सैल झाले. "ही पट्टी दर दिवसाआड बदलायची," डॉक्टर म्हणाले. "आणि वाजवायचं पंधरा दिवस नाही."

"रविवारी लग्न आहे."

"माहीत आहे."

"सेलिनला घरातून काढताना मीच वाजवणार. ती सहा वर्षांची होती तेव्हापासून तसं ठरलंय. तिनेच ठरवलं होतं."

"पंधरा दिवस," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

काका उठले, मला म्हणाले, "लिहून दे." मी तिथेच नव्या कागदावर लिहिलं, फुंकू नका. तोही कागद प्रार्थनेच्या पुस्तकात गेला.

बुधवारी ते आले, टाके काढले, पट्टी बदलली. शुक्रवारी आले. तोंड बरंच उघडायला लागलं होतं, वास गेला होता, खड्ड्याच्या कडेने गुलाबी मांस धरायला लागलं होतं. काकांनी रविवारचं काही विचारलं नाही. रोजामावशी म्हणाल्या, धाकटा भाऊ सायमन वाजवणार आहे, त्याला धून शिकवणं चालू आहे. "हे गुणगुणतात, तो वाजवतो. त्याला जमत नाय म्हणून हे चिडतात, चिडले की दुखतं. मला घरात दोन-दोन पेशंट." मला लग्नाचं आमंत्रण दिलं. डॉक्टरांनाही दिलं.

ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "बरं दिसतंय. रविवारी एखादी धून वाजवली तर दुखेल, पण बिघडणार काही नाही."

मी हातातला ट्रे आपटलाच. "मग सांगितलं का नाही? पेशंटला खरं कळायचा हक्क नाही?"

"आहे की. पण आज कळलं तर आज संध्याकाळी तालीम होईल, उद्या होईल, आणि रविवारी पुन्हा हाड उघडं. त्यांना तुम्ही ओळखता." मग हातमोजे काढत, "तुम्ही लग्नाला जाणार ना? सकाळी लवकर जा. टॉर्च न्या. तोंड तीन बोटं उघडलं, पट्टी स्वच्छ असली आणि वास नसला तर सांगा, एक धून. नसेल तर गप्प बसून जेवून या."

"हे ठरवायचं मी?"

"गुठळी धोक्यात असल्याचं तुम्हीच जाहीर केलं होतंत, पुढारी."

दोन दिवस मी ते पोटात ठेवलं. ज्या मुलीने पाण्याच्या मोर्च्यात पालिकेच्या साहेबांच्या टेबलावर उभं राहून माहिती मागितली होती, ती एका सरळ माणसापासून माहिती लपवत होती. कारण योग्य होतं. तरी लपवणं ते लपवणंच, हे मला तेव्हाही कळत होतं.

रविवारी सकाळच्या एसटीने वटारला पोचले. अंगणात मांडव, केळीचे खुंट, बायकांचा गलका, बँडवाले भिंतीला टेकून आपापली पितळी वाद्यं पुसत बसलेले. काका ओटीवर खुर्चीत, काळा सूट, टाय, केस पाण्याने बसवलेले. ट्रम्पेट सायमनच्या हातात. काकांचे हात मांडीवर, एकावर एक ठेवलेले. फोटोत ठेवतात तसे.

"काका, तोंड उघडा."

"इथं?"

"इथंच."

लग्नघरात, पाहुण्यांसमोर, सूट घातलेल्या वधूपित्याने आ वासला आणि मी टॉर्च मारला. भोवती लगेच घोळका जमला. "कोण ही?" एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "नवऱ्याकडची असेल. हल्ली ते सगळं तपासून घेतात." रोजामावशी हातात फुलांची परडी घेऊन धावत आल्या. मी काकांची बोटं त्यांच्याच तोंडात उभी घालून बघितली. तीन. पट्टी स्वच्छ. वास घेतला. लवंगेचा, आणि सकाळच्या चहाचा.

"एक धून वाजवलीत तर चालेल," मी म्हटलं. "एकच. दुखेल. पण बिघडणार नाही. डॉक्टरांनी शुक्रवारीच सांगितलं होतं."

काकांनी तोंड मिटलं.

"शुक्रवारी?"

"हो."

"दोन दिवस तुला माहीत होतं?"

"हो. सांगितलं असतं तर तुम्ही तालीम केली असती."

"केलीच असती," रोजामावशी म्हणाल्या.

"आणि हे," काका एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाले, "कुठल्या कागदात लिहिलं नाय तू."

मी मान खाली घातली. काकांनी बायकोकडे पाहिलं, मग हात पुढे केला. सायमनने ट्रम्पेट दिलं. देताना तो एवढा सुटल्यासारखा हसला, की ती धून त्याला शेवटपर्यंत जमली नव्हती हे सगळ्या मांडवाला समजलं.

सेलिन पांढऱ्या झग्यात उंबऱ्यावर आली. वडिलांच्या हातात वाद्य बघून ती थांबली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला शब्द कळले नाहीत, पण 'मोडेल तुमचं तोंड' अशा अर्थाचं असावं, कारण सगळ्या बायका हसल्या. काकांनी ट्रम्पेट ओठांना लावलं. पहिला सूर फाटका निघाला. त्यांचे डोळे गच्च मिटले. दुसरा सरळ निघाला. आणि मग ते चालायला लागले, उंबऱ्यापासून फाटकाकडे, मागे सेलिन, मागे सगळं घर.

रोजामावशी त्यांच्या शेजारी चालत होत्या. परडी कुणाकडे तरी देऊन त्यांनी रुमालाची घडी पाण्यात बुडवली होती आणि ती नवऱ्याच्या गालाला दाबून धरली होती. ते वाजवताहेत, ह्या दाबताहेत, आणि वाजवणं चालू असतानाच त्यांना बोलताहेत: हळू, हळू वाजवा, पुढची पायरी बघा. फोटोवाल्याने दोनदा सांगितलं, मावशी बाजूला व्हा. त्या झाल्या नाहीत. सेलिनच्या लग्नाच्या आल्बममध्ये घरातून निघतानाच्या प्रत्येक फोटोत वधूपित्याच्या गालावर एक ओला रुमाल आणि एक हात आहे.

धून मोठी नव्हती. अंगण ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढीच. फाटकाशी ती संपली, सायमनने बाकीच्या बँडला खूण केली आणि ढोल सुरू झाला. वऱ्हाड देवळाकडे वळलं. काका मात्र फाटकाजवळच उभे राहिले. ट्रम्पेट खाली, मान दुसरीकडे. मी धावत गेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते.

"काका, दुखतंय का?"

"दुखतंय."

"दाढेच्या जागी?"

त्यांनी पुढे जाणाऱ्या पांढऱ्या झग्याकडे पाहिलं.

"दाढ कुठंय आता," ते म्हणाले. "ती तुम्ही काढून घेतलीत."